इंद्रायणीकाठचा भात आणि जगभरचे संशोधन



देहूच्या घाटावर उभे राहिले म्हणजे इंद्रायणी प्रथम तीर्थ म्हणून दृष्टीस पडते. तुकाराम बीजेची गर्दी आणि ज्येष्ठात होणारे पालखीचे प्रस्थान यांमुळे तसे होणे स्वाभाविकच आहे. परंतु ही नदी शेतीचीही नदी होय. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात ती उगम पावते, तेव्हा तिच्याभोवती हंगामात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असतो. तेथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेस आळंदीकडे यावे, तो पावसाचे मान घटून त्याच्या लहानशा हिश्श्यावर आलेले असते. वरच्या अंगास भाताची खाचरे आणि खालच्या अंगास बाजरी-ज्वारीची जिराईत राने, अशी या एकाच खोऱ्याची विभागणी आहे. देहू या दोहोंच्या सीमेवर वसले आहे.

पावसाने पाठ फिरविली म्हणजे काय होते, हे या गावास सांगावयास नको. तुकाराम महाराज कुणबी होते आणि घरी वाण्याचा व्यवसाय होता. १६३० ते १६३२ या काळातील दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा अन्नाविना गेले. घरचे भांडवल बुडाले. थकलेली कर्जखते त्यांनी पुढे इंद्रायणीत सोडून दिली, अशी परंपरा आहे. त्या काळच्या शेतकऱ्याजवळ एकच आधार होता, तो म्हणजे गेल्या साली कणगीत राखून ठेवलेले बी. ते दुष्काळात खाल्ले गेले, की दुसरे कोठून आणावयाचे याचे उत्तर गावात नसे. दूरच्या मुलखात कोणी अधिक तग धरणारे बी शोधीत आहे, ते जतन करीत आहे आणि त्यासाठी कोणी पैसा पुरवीत आहे, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. आज हे काम चालते. ते कोणाच्या पैशाने चालते, तो पैसा किती टिकाऊ आहे आणि त्यात आपला वाटा कोणता, हा या भाषणाचा विषय आहे.

एका वाणाची वंशावळ

दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. मावळात, मुळशीत आणि पुण्याच्या बाजारात ‘इंद्रायणी’ या नावाचा तांदूळ सर्वांच्या परिचयाचा आहे. हे वाण महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने तयार केले आणि १९८७ मध्ये ते प्रसारित झाले. त्याला नदीचे नाव दिले गेल्यामुळे ते येथलेच जुने बी असावे, असा पुष्कळांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. इंद्रायणीची एक बाजू ‘आंबेमोहर १५७’ची, म्हणजे खास मावळची. दुसरी बाजू ‘आय.आर. ८’ या वाणाची असून ते फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथे जन्मास आले.

आंबेमोहराच्या गुणाविषयी वाद नाही. शिजताना आंब्याच्या मोहराचा वास घरभर होतो. परंतु त्याचे रोप उंच व नाजूक असते. खत जरा अधिक घातले किंवा भाद्रपदात वाऱ्यासहित सर आली, की उभे पीक लोळते आणि लोंब्या चिखलात जातात. उत्पन्न मुळात बेताचे आणि त्यात हे नुकसान. आय.आर. ८ याच्या अगदी उलट. त्याचे ताट बुटके व ताठ होते, ते खत पचवीत असे आणि उत्पन्नाने सर्वांस चकित करीत असे. मात्र त्याचा भात खाणाऱ्यास रुचला नाही. दाणा खडबडीत व पांढुरक्या पोटाचा, आणि भात निवला की कडक होई. मावळच्या शेतकऱ्याने तो घरी शिजवावा, ही अपेक्षा व्यर्थ होती.

आय.आर. ८ स्वतःही एका देशाचे नव्हे. इंडोनेशियातील उंच ‘पेटा’ आणि तैवानमधील बुटके ‘दी-जिओ-वू-जेन’ यांचा संकर पीटर जेनिंग्ज यांनी १९६२ मध्ये केला. पेटाच्या पूर्वजांत ‘लाटिसाल’ हे बंगालचे वाण होते. तेव्हा या घराण्यात भारताचे रक्त आधीपासूनच होते, असे म्हणावयास हरकत नाही. हेन्री बीचेल यांनी निवड केली, १९६६ मध्ये वाण प्रसारित झाले आणि लवकरच त्याचे बी भारतात आले. भारतात त्यासाठी भूमी तयारच होती, कारण १९६५ मध्ये हैदराबाद येथून अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प सुरू झाला होता.

या सर्वांचा खर्च कोणी केला? आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० मध्ये स्थापन झाली, तेव्हा इमारती व साधनसामग्रीसाठी फोर्ड प्रतिष्ठानने पैसा दिला, शास्त्रज्ञ व चालू खर्चाचा भार रॉकफेलर प्रतिष्ठानने उचलला आणि जमीन फिलिपाइन्सने पुरविली. वडगावचा खर्च मात्र महाराष्ट्राच्या तिजोरीतून, म्हणजे येथल्याच करदात्याच्या खिशातून झाला. यांपैकी एका बाजूचा पैसा नसता तर काय झाले असते, याचा विचार करण्यासारखा आहे. केवळ लॉस बान्योसचे काम झाले असते, तर न रुचणारा भात हाती आला असता. केवळ वडगाव असते, तर आंबेमोहर लोळतच राहिला असता.

कालावधीही लक्षात घेण्याजोगा आहे. पहिला संकर १९६२ मध्ये, इंद्रायणीचे प्रसारण १९८७ मध्ये. मधे पंचवीस वर्षे गेली. शासनाचे अंदाजपत्रक मार्च ते मार्च चालते आणि देणगीदारांचे प्रकल्प बहुधा तीन ते पाच वर्षांचे असतात. पीक मात्र या हिशेबाने वाढत नाही. भाताच्या संकरानंतर ओळी स्थिर होण्यासच सहा-सात पिढ्या लागतात. त्यानंतर चाचण्या, मग बीजोत्पादन, मग शेतकऱ्याची पसंती.

देणे आणि घेणे

आंतरराष्ट्रीय साहाय्य म्हटले की परक्यांनी केलेली मदत, असा एक सूर आपल्याकडे लावला जातो. वस्तुस्थिती तशी नाही. १९७० नंतरच्या वर्षांत आग्नेय आशियात ‘ग्रासी स्टंट’ या विषाणुजन्य रोगाने भातपिकाची दैना केली. लॉस बान्योस येथे हजारो वाणांची तपासणी झाली. प्रतिकारशक्ती आढळली ती उत्तर प्रदेशातून १९६३ मध्ये गोळा केलेल्या एका रानभातात, आणि तीही मोजक्याच रोपांत. त्या रोपांचा गुण उतरविलेले ‘आय.आर. ३६’ हे वाण १९७६ मध्ये निघाले आणि पुढे ते आशियातील लक्षावधी हेक्टरांवर पसरले. बांधावर उगवणारे, खाण्यास निरुपयोगी आणि शेतकऱ्याने उपटून टाकावे असे ते गवत होते.

दुसरे उदाहरण ओरिसाचे. तेथील एक जुने वाण दोन आठवडे पाण्याखाली राहूनही जगते, हे तेथील शेतकऱ्यांस पूर्वीपासून ठाऊक होते. त्यातून निवडलेल्या ‘एफ.आर. १३ए’मधील तो गुण नेमका कोठे आहे हे २००६ मध्ये उलगडले आणि २००९ मध्ये ‘स्वर्णा सब-१’ भारतात प्रसारित झाले. या दीर्घ कामात जर्मनी, जपान, अमेरिका आणि पुढे गेट्स प्रतिष्ठान अशा अनेकांचा पैसा निरनिराळ्या टप्प्यांवर लागला. बियाणे आपले, पैसा अनेकांचा आणि लाभ सर्वांचा, असा हा व्यवहार आहे.

बाजरीने शिकविलेला धडा

नदीच्या खालच्या अंगास, जिराईत पट्ट्यात गेले की गोष्ट बाजरीची होते. आणि ती इतकी सुखाची नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथून ‘टिफ्ट २३ए’ ही नरवंध्य ओळ भारतात आली आणि तिच्यापासून लुधियाना येथे तयार झालेला पहिला संकर ‘एच.बी. १’ १९६५ मध्ये बाहेर पडला. १९७०-७१ मध्ये देशातील बाजरीचे उत्पादन ८० लाख टनांवर गेले. परंतु यानंतर आलेल्या संकरांतही मादी तीच होती. गोसावी रोगाने हे वर्म हेरले. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका दिसू लागला आणि दाणा भरलाच नाही. १९७१ पासूनच्या वर्षांत अवर्षणाचीही भर पडून उत्पादन पुष्कळ घसरले. सर्व रानांत एकाच मातेची लेकरे असली म्हणजे एक रोग सर्वांस पुरतो. पीक अधिक देणारे असणे आणि टिकणारे असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत हे त्या वेळी महागात पडून कळले.

महाराष्ट्रावर १९७२ चा भीषण दुष्काळ आला, त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरू येथे अर्धशुष्क उष्णकटिबंधीय पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, म्हणजे ‘इक्रिसॅट’, स्थापन झाली. भारत सरकारने तिला सुमारे १,४०० हेक्टर जमीन दिली. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग ही तिची पिके, म्हणजे महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे सर्व ताटच होय. या संस्थेने पश्चिम आफ्रिकेतील टोगो या लहानशा देशाच्या उत्तर भागातून आणलेल्या बाजरीतून निवड करून ‘आय.सी.टी.पी. ८२०३’ हे वाण काढले. दाणा टपोरा, पीक लवकर येणारे आणि गोसावीस दाद न देणारे. १९८८ मध्ये ते महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाले. याच वाणातून लोहाचे प्रमाण अधिक असलेली निवड करून ‘धनशक्ती’ तयार झाले आणि २०१२ मध्ये ते महाराष्ट्रात आले. त्याच्या किलोभर दाण्यात ७० मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. टोगोतील ज्या शेतकऱ्यांनी ही बाजरी पिढ्यान्पिढ्या सांभाळली, त्यांना महाराष्ट्र कोठे आहे हे ठाऊक असण्याचा संभव नाही. हरभऱ्याचे ‘जॅकी ९२१८’ आणि तुरीचे ‘आशा’ ही वाणेही पाटणचेरूच्याच सहकार्यातून आलेली आहेत.

गावात राहून केलेली मोजदाद

संशोधन म्हणजे केवळ नवे बी नव्हे. शेतकरी एखादी शिफारस का स्वीकारीत नाही, हे समजून घेणे हेही संशोधनच होय. देहूच्या शेजारी या प्रकारच्या कामाची फार जुनी परंपरा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावातील जमिनीचे तुकडे, कर्ज व कुटुंबांचे उत्पन्न यांची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या शेतांवर आज उंच इमारती आहेत. एका दक्खनी खेड्याचे तत्कालीन चित्र मात्र त्या पुस्तकात शिल्लक आहे.

इक्रिसॅटने १९७५ मध्ये हीच पद्धत अधिक विस्ताराने हाती घेतली. निवडलेल्या सहा गावांपैकी चार महाराष्ट्रातील होती. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेड ही ती गावे. प्रत्येक गावी एक अन्वेषक मुक्कामास राही आणि ठरावीक कुटुंबांचे पीक, मजुरी, कर्ज व खर्च नोंदवी. सोलापूरकडील भारी काळ्या जमिनी खरिपात पड का ठेवतात, हा तेव्हा अधिकाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असे. उत्तर आळसात नव्हते. तेथील खरिपाच्या पावसाचा भरवसाच नव्हता. ओल साठवून रब्बीत ज्वारी पेरणे हाच शहाणपणा होता. हॅन्स बिन्स्वांगर यांनी काही गावांत शेतकऱ्यांना खरे रुपये देऊन धोका पत्करण्याच्या निवडी करावयास लावल्या. धोक्याविषयीची वृत्ती श्रीमंत व गरीब शेतकऱ्यांत फारशी वेगळी नाही, असे त्यातून दिसले. वेगळे असते ते कर्ज व साधने मिळण्याचे सामर्थ्य. विस्तार अधिकाऱ्यांनी हा निष्कर्ष आजही ध्यानी ठेवावा, असा आहे.

काळ्या जमिनीत रुंद वरंबे व सऱ्या काढून जादा पाणी बाहेर काढावयाचे आणि ओल टिकवावयाची, ही पद्धतही पाटणचेरूचीच. तिच्यासाठी प्रारंभी सुचविलेले बैलांचे चाकी अवजार महाग असल्याने शेतकऱ्यांनी ते घेतले नाही. पुढे ट्रॅक्टरवरील पेरणीयंत्र आले, तेव्हा तीच पद्धत सोयाबीनच्या शेतात ‘बीबीएफ’ या नावाने रूढ झाली. संशोधन चुकले असे म्हणून मधेच ते सोडून दिले असते, तर ही पुढची पायरी आली नसती.

आणि येथेच पैशाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. गावांची ही पाहणी १९७५ पासून दहा वर्षे नेटाने चालली, नंतर ती क्षीण झाली, २००१ मध्ये पुन्हा उभारी धरली आणि २००९ मध्ये गेट्स प्रतिष्ठानच्या साहाय्याने तिचा विस्तार झाला. मधल्या वर्षांत त्या घरांत काय घडले, कोणत्या विहिरी आटल्या, कोण गाव सोडून गेले, याची तितकी बारीक नोंद नाही. पैसा नंतर कितीही दिला, तरी गेलेल्या वर्षाची मोजदाद करता येत नाही.

पैशाचे दोन प्रकार

जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन सल्लागार गट स्थापन झाला. लॉस बान्योस व पाटणचेरू यांसारख्या संस्थांना पैसा पुरविण्याचे काम या गटाचे. १९७२ मध्ये त्याचा खर्च सुमारे दोन कोटी डॉलर होता. २०२२ मध्ये तो नव्वद कोटींच्या आसपास होता. आकडा वाढला हे खरे. परंतु प्रारंभीचा बहुतेक पैसा संस्थेने आपल्या विचाराने वापरावा असा, म्हणजे मोकळा असे. पुढे ठरावीक प्रकल्पास, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक देशासाठी बांधलेल्या पैशाचा हिस्सा वाढत गेला. देणगीदारास आपल्या पैशाचे फळ दाखवावयाचे असते, हे समजण्यासारखे आहे. मात्र बियाण्यांचे भांडार थंड ठेवणे, दर काही वर्षांनी बी पेरून ताजे करणे आणि रोगांवर पाळत ठेवणे या कामांना दाखविण्याजोगे फळ नसते. पाटणचेरूच्या भांडारात सव्वा लाखाच्या आसपास आणि लॉस बान्योसच्या भांडारात एक लाख तीस हजारांहून अधिक नमुने आहेत. त्यांची वीज एक वर्ष कापून पुढील वर्षी दुप्पट देता येत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी साहाय्य स्थगित केले आणि १ जुलै २०२५ पासून ‘यूएसएड’ ही स्वतंत्र संस्था उरली नाही. तिच्या पैशावर अमेरिकन विद्यापीठांत चालणाऱ्या अनेक पीक-संशोधन प्रयोगशाळा अर्ध्या कामात बंद पडल्या. सल्लागार गटाच्या मोठ्या देणगीदारांपैकी अमेरिका एक होती. अशा संशोधनावर खर्चलेल्या एका डॉलरमागे सुमारे दहा डॉलरांचा लाभ झाला, असा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडला होता. तरीही पैसा थांबला, कारण लाभ दुसऱ्या देशातील शेतकऱ्यास आणि दहा-वीस वर्षांनी मिळतो.

परक्याच्या अंदाजपत्रकावर विसंबून राहणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. भारत स्वतःही या गटास वर्गणी देतो, हे खरे. परंतु देशातील कृषिसंशोधनावरील खर्च शेतीच्या सकल उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घुटमळत आहे. तो निदान एक टक्का असावा, ही शिफारस जुनी आहे. बाहेरून आलेले साहित्य मुरविणारी वडगावसारखी केंद्रे दुबळी राहिली, तर जगाने काढलेले उत्तम वाणही आय.आर. ८ प्रमाणे ताटाबाहेरच राहील.

आंतरराष्ट्रीय पैसा आला, की स्वाधीनता जाते असेही नव्हे. देहूजवळच पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा यंत्रसामग्रीस युनिसेफचे आणि तंत्रज्ञानास जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य होते. कारखाना भारताचाच राहिला. त्याच्या प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेले ‘ऑरिओफंजिन’ हे औषध पुढे पिकांवरील बुरशीरोगांसाठी उपयोगी पडले. पेनिसिलिनसाठी आलेल्या साहाय्यातून शेतकऱ्याचेही काम झाले, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटण्याजोगे आहे.

गावाकडील काम

चाकण, तळेगाव आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी या भागास रोजगार दिला. त्याबरोबर खाचरे व जिराईत रानेही बिगरशेती होत चालली आहेत. जमीन गेली की तिच्यावरील जुने वाणही जाते, आणि ते जाताना कोणास कळतही नाही. शासनाने एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पास मान्यता दिली आणि त्यासाठी पाच वर्षांकरिता सुमारे १७२ कोटी रुपये ठरविले. स्थानिक पिकांची वाणे हा त्यातील एक विषय आहे. परंतु कोशात ठेवण्यासाठी बी प्रथम कोठे आहे हे कळावयास हवे, आणि ते मंत्रालयात बसून कळणार नाही.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत व नगरपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असते. तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही एकदा भरून कपाटात गेली आहे. पिकांच्या रकान्यात ‘भात, बाजरी, ज्वारी’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्याचा कोणास उपयोग नाही. भात कोणता, त्याचे स्थानिक नाव काय, दाणा कसा, किती दिवसांत येतो, पाणी तुंबले तर टिकतो की नाही, हे हवे. वयस्क शेतकरी आणि विशेषतः घरातील स्त्रिया यांना ते ठाऊक असते; बी राखण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असते. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना सुट्टीत हे काम दिले, तर एका गावाची नोंद एका हंगामात पुरी होऊ शकते. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्यास किंवा त्यांच्या समूहास आपले जुने वाण स्वतःच्या नावे नोंदविता येते, हेही त्या वेळी सांगावे.

इंद्रायणीच्या बाबतीत आणखी एक काम आहे. या नावाने बाजारात येणारा सर्वच तांदूळ इंद्रायणी असतो, असे नाही. वर्षानुवर्षे घरचेच बी वापरून शेतातही भेसळ होते. वास कमी झाला, दाणा बदलला, अशी तक्रार ऐकू येते, ती यामुळेही असू शकेल. विद्यापीठाकडून किंवा बीजोत्पादकाकडून प्रमाणित बी दर तीन-चार वर्षांनी घेणे आणि फुलोऱ्याच्या वेळी शेतात फिरून परकी रोपे उपटणे, याला खर्च थोडाच येतो. मावळच्या वरच्या अंगास आंबेमोहराची थोडी खाचरे अद्याप राखणारी घरे आहेत. त्यांचे बी कोणाकडे, किती वर्षांपासून आणि कोणत्या खाचरात आहे, ही नोंद येत्या भातकापणीच्या आत, लोंब्या उभ्या असतानाच करून घ्यावी.